उल्पियानोचा उजवा खांदा

मला एक सवत आहे. ती लाकडाची आहे, तिच्या अंगावर काळ्या मखमलीचा झगा आहे, गालांवर काचेचे अश्रू आहेत, आणि दर वर्षी पवित्र आठवड्यातल्या मंगळवारी माझा नवरा तिला खांद्यावर घेऊन सगळं पोपायान शहर फिरवून आणतो. शोकमाता म्हणतात तिला, मुलासाठी रडणारी देवाची आई. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी सासूला विचारलं होतं, हे असं कुठवर चालणार म्हणून. सासू म्हणाली, "तू यायच्या आधीपासून चाललंय. तू आपली इस्त्री कर." तेव्हापासून मी त्याच्या निळ्या झग्याला इस्त्री करते आणि करता करता त्या लाकडी बाईला मनातल्या मनात चार शब्द ऐकवते. तिने कधी मनावर घेतलं नाही.

उल्पियानो आस्ताइसा धंद्याने न्हावी. पुलाच्या खाली त्याचं दुकान, एक खुर्ची, एक आरसा, आणि आरशाला खोचलेला बापाचा फोटो. बाप मिरवणुकीच्या मखराखालीच म्हातारा झाला. आम्ही त्या मखराला पासो म्हणतो. जाड लाकडाच्या दांड्यांवर ठेवलेलं देवाचं घर, पुढे चार माणसं, मागे चार माणसं, आणि दांड्याखालची जागा बापाकडून मुलाकडे जाते, शेत जावं तशी. आमच्या घराण्याकडे पुढचा उजवा कोपरा. कोपऱ्यावर सगळ्यांत जास्त भार येतो, म्हणून सगळ्यांत जास्त मान. उल्पियानो मिसरूड फुटायच्या वयात त्या कोपऱ्याखाली शिरला आणि आता त्याचे केस पांढरे झालेत.

त्याच्या मानेच्या मुळाशी, उजव्या खांद्यावर, लिंबाएवढी गाठ आहे. दांड्याने पडलेली. गिऱ्हाईक नवं असलं की हा दाढीचा ब्रश खाली ठेवतो, कॉलरचं बटण काढतो आणि म्हणतो, "बघा हात लावून." लोक लावतातही. एका बाईने तर हात लावून क्रूसाची खूण केली होती. हाच माणूस घरी गॅसची टाकी दारातून स्वयंपाकघरात नेऊन देत नाही. "ओतिलिया, पाठ," एवढंच म्हणतो. माझ्या टाकीसाठी पाठ नाही, तिच्यासाठी आहे. मला राग येणार नाही तर काय होईल?

आम्हाला दोन मुली, दोघी लग्न होऊन काली शहरात गेल्या. मुलगा नाही. त्यामुळे कोपरा उल्पियानोनंतर माझ्या धाकट्या भावाकडे, नेस्तोरकडे जाणार हे ठरल्यासारखं आहे. जागेची वाट बघत पासोच्या बाजूने चालणाऱ्याला आमच्याकडे पिल्लू म्हणतात. कुणी दमला तर एखाद्या गल्लीपुरता पिल्लाला खांदा लावू देतात. नेस्तोर चाळिशी ओलांडलेलं पिल्लू आहे. उल्पियानो कधी दमलाच नाही. नेस्तोर दर वर्षी मिरवणुकीनंतर आमच्या घरी पिपियानच्या एंपानादा, म्हणजे बटाटा-शेंगदाण्याच्या तळलेल्या करंज्या, खातो आणि उल्पियानोच्या मानेकडे असा बघतो, जसा मी पलीकडच्या घरातल्या नव्या फ्रीजकडे बघते. हेवा आमच्या माहेरच्या रक्तातच आहे.

तर यंदाच्या जानेवारीत उल्पियानोची कंबर धरली. आधी सकाळी उठताना, मग दुकानात उभं असताना. न्हाव्याचं काम म्हणजे दिवसभर उभं राहायचं आणि मान खाली घालायची, तेव्हा मी म्हटलं वयाचं असेल. पण फेब्रुवारीत मान दुखायला लागली आणि उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या यायला लागल्या. एकदा कॉफीचा कप हातातून निसटला. मग एका गुरुवारी त्याने वस्तरा फिरवताना एका वकिलाच्या कानाची पाळी कापली. वकील बिचारा भला, रुमाल दाबून बसून राहिला. पण तो गेल्यावर उल्पियानो आरशासमोर उभा राहून अंगठा बोटावर घासत होता, पैसे मोजल्यासारखा, पुन्हा पुन्हा. मी डबा घेऊन दारात उभी होते. त्याने मला पाहिलं नाही. न्हाव्याचा अंगठा गेला की न्हावी संपला, हे मला कुणी सांगायला नको होतं.

"डॉक्टरकडे चल," मी म्हटलं.

"मिरवणूक होऊ दे, मग."

"मिरवणुकीत अंगठा पुरून ये, मग जाऊ."

गुरुवार होता म्हणून त्याने दुकान लवकर बंद केलं आणि गेला. दर गुरुवारी जायचा. कुठे, ते मला ठाऊक होतं, कारण बाजारामागच्या गल्लीतल्या भाजीवालीने मला कोथिंबिरीबरोबर फुकट सांगितलं होतं. सेनाइदाकडे.

सेनाइदा चांत्रे. चपला शिवते. सगळ्या पासोवाल्यांच्या सुतळीच्या चपला तिच्याच हातच्या, माझ्याही. नवरा वारला त्याला बरीच वर्षं झाली. माझ्याहून थोडी मोठी आहे, पण कंबर अजून बारीक आहे, आणि हे मी सांगतेय म्हणजे खरंच बारीक आहे. माझ्याआधी उल्पियानो दोन जत्रा तिच्याबरोबर नाचला होता. मग सासूने मोडता घातला. हे सगळं जुनं. लाकडाच्या सवतीची मला सवय झाली होती. हाडामांसाचीची सवय मी का करून घ्यावी?

मी भांडले नाही. भांडून माणूस सावध होतो. मी त्याला सोमवारी सकाळी कोट घालून सरळ मारिसेलाच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर मारिसेलाच्या आजोबांची दाढी उल्पियानो करायचा, त्यामुळे तिला नाही म्हणायची त्याला चोरी होती.

तिच्या टेबलावर प्लास्टिकचा पाठीचा कणा होता. तिने तो हातात घेऊन वाकवून दाखवला. "हे बघा काका, मणक्यावर मणका. मधे मधे या गाद्या. गादी नवी असते तेव्हा लोण्यासारखी असते, दबते आणि फुगते. वय वाढलं की सुकते, भार जास्त पडला की लवकर सुकते. आणि प्रत्येक दोन मणक्यांच्या मधून बाजूला एक एक शीर निघते. मानेतली ही जी आहे ना, ती थेट तुमच्या अंगठ्यापर्यंत जाते. तिथली गादी बाहेर सरकली की शीर चेपते. दुखतं मानेत, मुंग्या हातात. खांद्यावर वजन वगैरे उचलता का?"

"मी न्हावी आहे," उल्पियानो म्हणाला.

"शोकमातेचा पासो," मी म्हटलं. "पुढचा उजवा कोपरा."

मारिसेलाने पेन खाली ठेवलं. मग तिने त्याला शर्ट काढायला लावून पडद्यामागे नेलं. मला बाहेर बसवलं. पडद्यातून तिचं बोलणं ऐकू येत होतं. "उभे राहा. आता वाका. आता या स्टुलावर बसा. परत उभे राहा." आणि मग, "हे काय? बसल्यावर तुमची कंबर सरळ आहे आणि उभं राहिल्यावर वाकडी. म्हणजे वाक पाठीत नाहीये, पाठीच्या खालून येतोय. झोपा, पाय मोजू." टेपचा आवाज. "पाय तर सारखे आहेत. बूट काढून उभे राहता का जरा?"

"मोज्याला भोक आहे," उल्पियानो म्हणाला. "बाईमाणसासमोर बरं दिसत नाही."

मी बाहेर खुर्चीवर ताठ झाले. त्याचे मोजे मी रफू करते. त्याच्या मोज्याला भोक नाही, कधी नव्हतं.

मारिसेलाने हट्ट केला नाही. बाहेर येऊन तिने मलाच सांगितलं, कारण तिला कळत होतं की घरात कुणाला सांगून उपयोग आहे. कंबर दुखते ती तिरकं उभं राहिल्याने. एका बाजूचे स्नायू दिवसभर ओढून धरतात, रबर ताणून धरावं तसे. त्याचं कारण शोधलं तर कंबर बरी होईल. मानेचं मात्र वेगळं आहे. विश्रांती, व्यायाम, खुर्ची उंच करून काम, मान कमी वाकवायची. "आणि यंदा पासो नाही, काकू. त्या शिरेवर परत तेवढा भार आला तर अंगठ्यातली जाण परत येईलच असं मी सांगू शकत नाही."

रस्त्यात उल्पियानो म्हणाला, "पोर आहे ती अजून."

"तू उचलणार आहेस?"

"मंगळवारी रात्री मी जिथे असतो तिथेच असणार."

त्या दुपारी तो जेवून झोपला. मक्याच्या करांतांताचं सूप दोनदा घेतलं त्याने, चिंता असलेला माणूस एवढं जेवत नाही, म्हणून मला आणखी राग आला. मी त्याचे बूट अंगणात नेले आणि उन्हात धरून आत हात घातला. डावा बूट नेहमीसारखा. उजव्या बुटात टाचेखाली बुचाचा आणि कातड्याचा एक जाड तळवा, आतून शिवून बसवलेला. शिवण बारीक, तिरपी, मेण लावलेल्या दोऱ्याची. ती शिवण मला अनोळखी कशी असेल? माझ्या पायांत होती.

मी बूट पिशवीत घातला आणि तशीच निघाले.

सेनाइदा दारात बसून सुतळी वळत होती. मी बूट तिच्या मांडीवर टाकला. तिने तो उचलला, आत बोट घातलं, आणि आधी टाका उसवलाय का ते बघितलं. तिथेच माझं टाळकं फिरलं.

"दर गुरुवारी तो इथे येतो," मी म्हटलं.

"येतो."

"कशाला?"

"तुला बूट सापडला म्हणजे कळलं असेल. बस ना."

"मी बसायला आले नाही."

"मग उभी राहा," ती म्हणाली. "ओतिलिया, त्याचा उजवा खांदा खाली गेलाय. दांडा वाहून वाहून. गेल्या वर्षी दांडा त्याच्या खांद्याला नीट टेकतच नव्हता. कोपऱ्यावर हा आणि भार शेजारच्यावर. शेजारचा मिरवणूक संपल्यावर काय म्हणाला माहितीये? म्हणाला, आस्ताइसा यंदा खांद्यावर नुसती हवा वाहत होता."

आमच्याकडे याच्यापेक्षा वाईट शिवी नाही. आठ खांदे एका उंचीचे असावे लागतात. मिरवणुकीच्या आधी अंगणात ओळीने उभं करून खांद्यांवर काठी ठेवून बघतात. ज्याचा खांदा काठीला लागत नाही तो गेला. खांद्यावरची उशी जाड केली तर लगेच दिसते. बुटातलं कोण बघतो?

"म्हणून त्याने उजवा पाय उंच करून घेतला," मी म्हटलं.

"जानेवारीत आला. म्हणाला, आत्तापासून घालतो, म्हणजे चालीत सवय होईल, कुणाला तिरका वाटणार नाही. मिरवणुकीच्या चपलाही तशाच करून मागितल्या. मी म्हटलं, एकाच पायाखाली घातलंस तर कंबर जाईल. म्हणाला, जाऊ दे."

"आणि तू शिवलंस."

"शिवलं."

"का?"

"कारण मागितलं. तुला मागितलं असतं तर तू दिलं असतंस?"

"नसतं दिलं."

"म्हणूनच तुला मागितलं नाही." तिने सुतळी बाजूला ठेवली. "दर गुरुवारी बघते मी, किती उतरलाय ते. इथे शर्ट काढून भिंतीला पाठ लावून उभा राहतो. मागच्या खेपेला रडला."

मी आयुष्यात पुष्कळ गोष्टींचा हेवा केला आहे. दुसऱ्यांच्या फ्रीजचा, मुलग्यांचा, लाकडाच्या बाईचा. पण सेनाइदाने ते तीन शब्द बोलल्यावर जसा वाटला, तसा हेवा मला कधी वाटला नव्हता. ती त्याच्याबरोबर झोपली असती तर मला सोपं गेलं असतं. मग मी तिचे केस धरले असते. स्वतःच्या आईच्या मयतीला हा माणूस माझ्यासमोर रडला नव्हता. आणि हिच्या भिंतीला पाठ लावून रडला. शर्ट काढून. घरात तो आता दिवा घालवल्याशिवाय शर्ट काढत नाही, आणि मी मूर्ख, मला वाटत होतं वय झाल्यावर माणूस लाजायला लागतो.

"तू किती सांगितलंस त्याला?" मी विचारलं. "किती उतरलाय?"

"दोन बोटं."

मी बूट घेतला आणि घरी आले. वाटेत नेस्तोर भेटला, विचारू लागला भावजींची तब्येत कशी आहे. त्याने ते अशा आवाजात विचारलं, की मला त्याचाही गळा धरावासा वाटला.

उल्पियानो उठून अनवाणी घरभर बूट शोधत होता. मी स्वयंपाकघरातली कात्री घेतली, त्याच्यासमोर बसले आणि टाके उसवले. बुचाचा तळवा बाहेर काढून टेबलावर ठेवला, पावाच्या शेजारी. तो खुर्चीत बसला. अनवाणी बसला होता तेव्हा कंबर सरळ दिसत होती, मारिसेलाने सांगितलं होतं तशी.

"सिंदिकोला सांगणार?" त्याने विचारलं. सिंदिको म्हणजे पासोचा कारभारी, डॉन फिदेन्सियो, तोच काठी ठेवतो.

"मी सांगितलं तर म्हणशील, भावासाठी जागा रिकामी केली."

"म्हणणार नाही."

"म्हणशील. आणि नाही म्हणालास तरी तुला वाटेल. मी कुणाला सांगणार नाही. तुला जायचं असेल तर जा. तिने चपला शिवून ठेवल्यात, एक जाड, एक पातळ. घाल आणि जा. अंगठ्याचं काय व्हायचं ते होईल. मी दाढ्या करायला शिकेन."

तो हसला नाही.

"तिला सांगितलंस आणि मला नाही," मी म्हटलं. "हे मला सहन होत नाही, उल्पियानो. बाकीचं होईल."

"तुला सांगितलं असतं तर तू सोड म्हणाली असतीस."

"म्हणाले असते."

"मला कुणीतरी सोड न म्हणणारं पाहिजे होतं."

मी रडले नाही. रडले असते तर त्याला सोपं गेलं असतं. मी म्हटलं, "शर्ट काढ."

"आत्ता? उजेड आहे."

"उजेड आहे म्हणूनच."

त्याने काढला. आणि भिंतीला पाठ न लावता माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. ती गाठ मला माहीत होती. बाकीचं मी किती दिवसांत बघितलं नव्हतं. उजवा खांदा उतरलेला, त्या बाजूचं हाड पुढे झुकलेलं, मानेपासून खालपर्यंत एक स्नायू दोरासारखा ताणलेला. कण्याचे मणके एकेक मोजता येत होते. एवढी वर्षं हा गावाला गाठ दाखवत हिंडला आणि बाकीची पाठ झाकून ठेवली. मी तळहात आडवा धरला, डाव्या खांद्याच्या रेषेला, आणि खाली बोटं लावत गेले.

"किती?" त्याने विचारलं.

"तिने दोन सांगितली ना? तिने तुझं मन राखलं. तीन आहेत."

माझी बोटं तिथेच होती. तो म्हणाला, "तीन म्हणजे बुचाच्या तळव्याने भरून निघणार नाही."

"नाही."

त्याने शर्ट घातला.

मिरवणुकीच्या आधीच्या शनिवारी चर्चच्या अंगणात काठी लागली. आम्ही बायका एका बाजूला चांदीचे दिवे राखेने घासत बसलो होतो. चांपुसचं, मक्याच्या गोड पेयाचं, पातेलं फिरत होतं. पलीकडे ओट्यावर सेनाइदा नव्या चपलांची टोपली घेऊन बसली होती आणि एकेकाला नाव घेऊन जोड देत होती. नेस्तोर भिंतीला टेकून उभा होता, पिल्लांच्या जागी. मी दिवा घासत होते, पण कुठला भाग घासला ते मला सांगता येणार नाही.

सेनाइदाने उल्पियानोचा जोड दिला. त्याने घेतला. एक चप्पल जाड, एक पातळ, लांबून कळतही नव्हतं, एवढं सफाईचं काम. तो ओळीपर्यंत गेला, बूट काढले, मोजे काढले, आणि चपला भिंतीपाशी एकावर एक ठेवून अनवाणी दगडावर उभा राहिला.

डॉन फिदेन्सियोने काठी ठेवली. पुढच्या चौघांवर. तिघांच्या खांद्यांवर काठी बसली. चौथ्याच्या खांद्यावर काठी आणि कापड यांच्यामधून पलीकडची भिंत दिसत होती.

"उल्पियानो, सरळ उभा राहा," डॉन फिदेन्सियो म्हणाला.

"सरळच उभा आहे."

डॉन फिदेन्सियोने काठी काढली, परत ठेवली. म्हातारा आहे, त्याने याच्या बापालाही असंच मोजलं होतं. मग हळू विचारलं, "हे कधीपासून आहे, बाबा?"

उल्पियानोने मान वळवायचा प्रयत्न केला, दुखली, म्हणून अख्खा वळला आणि आम्हा बायकांकडे बोट केलं. "ओतिलियाला विचारा. माझी पाठ फक्त तिला माहीत आहे. दुसऱ्या कुणाला नाही."

तो खोटं बोलत होता. देवाच्या अंगणात, पासोच्या समोर, सगळ्या पुरुषांदेखत तो माझ्यासाठी खोटं बोलला. माझे कान गरम झाले. सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या आणि मी हातातला दिवा खाली ठेवून ताठ बसले. नेस्तोरला बोलावलं, तो येईना. उल्पियानोनेच त्याला दंडाला धरून आणला, स्वतःची उशी काढून त्याच्या खांद्यावर बांधली आणि गाठ दोनदा ओढून बघितली. अंगठा नीट चालत नव्हता, म्हणून दुसरी गाठ दातांनी ओढली.

मग मी सेनाइदाकडे बघितलं. तिने ऐकलं होतं हे मला नक्की माहीत होतं, आणि तिला ते लागल्याचं तिच्या तोंडावर बघायला मिळावं एवढीच माझी इच्छा होती. त्यासाठी मी किती गुरुवार जळले होते. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. टोपली मांडीवर घेऊन, थोडी पुढे वाकून, ती उल्पियानोच्या अनवाणी पायांकडे बघत होती, दोन्ही टाचा जमिनीला सारख्या टेकल्यात का ते.